मधलीचा चॅनल

तिघी बहिणी होत्या आणि गाणं एक होतं. थोरली ते खालून धरायची, जडशीळ ट्रंक उचलताना एकीनं बुडाला हात घालावा तशी. धाकटी वर राहायची, हलकी, कधी उडून जाईल असं वाटणारी. आणि मधली मधून चालायची. ती चालायची म्हणून बाकीच्या दोघींना वाट सापडायची.

वर्षातून एकदा, एका रविवारी दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या सभागृहात त्या गायच्या. बावीस वर्षं गात होत्या. तबला नाही, पेटी नाही. मागे नुसता एक सूर धरलेला आणि पुढे तीन गळे. ऐकायला येणारी माणसंही आता म्हातारी झाली होती. काहींच्या खुर्च्या ठरलेल्या होत्या, आणि दोन-तीन खुर्च्या ज्यांच्या होत्या ती माणसं गेली तरी तिथे दुसरं कुणी बसत नव्हतं.

मग मधलीचा गळा गेला. गेला म्हणजे बसला नाही की घोगरा झाला नाही. डॉक्टरांनीच काढला. गाठ होती, गाठीबरोबर स्वरयंत्र काढावं लागलं. जीव राहिला, आवाज गेला. कुजबुजसुद्धा उरली नाही. श्वास आता नाकातोंडातून न जाता गळ्याच्या तळाशी पाडलेल्या एका छिद्रातून ये-जा करी. त्यावर ती निळा सुती रुमाल बांधायची, धुतलेला, इस्त्रीचा. तो रुमाल तिनं सख्ख्या बहिणींसमोरही कधी सोडला नव्हता.

बोलायचं ते वहीत. साधी रेघांची वही, तिला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. दवाखान्यातून आल्यापासून ती थोरलीकडेच राहत होती. खाली थोरलीचं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. जिना लाकडी, सातवी पायरी वाजणारी. धाकटी शाळेची व्हॅन चालवायची. सकाळची फेरी संपली की व्हॅन दुकानासमोर लावून ती आत येई आणि कापायच्या टेबलावर पाय हलवत बसे. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण बहिणींसमोर पाय जमिनीला टेकायचेच नाहीत.

कार्यक्रमाला सहा आठवडे उरले होते तेव्हा वाचनालयाचं पत्र आलं. यंदा किती खुर्च्या मांडायच्या, असं विचारलं होतं.

"नाही म्हणून कळवून टाकते," थोरली म्हणाली. ती एका कोटाचं अस्तर उसवत होती. "तीन पायांचं स्टूल. एक पाय काढला की बसायला येतं का कुणाला?"

"ताई, माई इथेच बसलीय," धाकटी म्हणाली.

"मग? तिच्या पाठीमागे बोलू का?"

मधलीनं वही ओढली. लिहिलं आणि फिरवून दोघींसमोर धरलं. 'आवाज माझा गेला. तुमचा कुणी काढला?'

थोरलीनं चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली घेतला. "तुझ्याशिवाय आम्हाला येत नाही, बाई. हे काय आज कळतंय तुला?"

खरंच येत नव्हतं. गेल्या महिन्यात दोघींनी स्वयंपाकघरात दार लावून एकदा प्रयत्न केला होता. थोरली खाली खाली गेली, धाकटी वर वर गेली, आणि मधे एवढं अंतर पडलं की दोघी एकमेकींकडे बघत गप्पच झाल्या. वरच्या खोलीत मधलीनं ते ऐकलं होतं. आपण गप्प झालो हे तिनं कसंबसं पचवलं होतं. आपल्यापायी त्या दोघी गप्प होणार, हे मात्र घशाखाली उतरत नव्हतं.

'तुम्ही गाणार,' तिनं लिहिलं, आणि 'गाणार'खाली इतक्या जोरात रेघ ओढली की पान फाटलं.

*

तोड काढली ती थोरलीच्या जावयानं. सभागृहांत स्पीकर, माइक, वायरी बसवून देण्याचा त्याचा धंदा. माणूस सरळ, मेहनती, आणि सासुरवाडीला आला की तिघींच्या तावडीत सापडलेला.

"या जावईबापू," धाकटी म्हणायची. "उभे का? बसा. खुर्ची नाहीये, पण बसा."

त्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला आणि उभ्याउभ्याच सांगायला लागला. "मावशी, गेल्या वर्षीची तालीम मी रेकॉर्ड केली होती. आठवतं? प्रत्येकीला वेगळा माइक लावला होता. म्हणजे माझ्याकडे तिघींचे तीन वेगळे चॅनल आहेत. तुमच्या दोघींचे बंद ठेवायचे, मधल्या मावशींचा तेवढा चालू. बघा."

पडद्यावर आडव्या पट्ट्या होत्या, एकीखाली एक. प्रत्येक पट्टीत आवाजाची नक्षी, डोंगरांच्या रांगेसारखी. प्रत्येकीच्या डोक्यावर नाव: सूर, आई, मधल्या मावशी, धाकट्या मावशी. आणि नावाखाली एक बारीक बाण.

"हा बाण दाबला की यादी उघडते," जावई म्हणाला. "हा चॅनल कुठल्या यंत्रातून ऐकू यायचा, ते इथे ठरवायचं. सूर हॉलच्या स्पीकरला. मावशींचा आवाज..."

मधली खुर्ची ओढून पुढे सरकली होती. तीस वर्षं तिनं एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काम केलं होतं. सुरुवातीला दोऱ्यांचा बोर्ड होता, दोन्ही हातांत दोऱ्या. बाहेरची हाक आली की दोरी उचलायची आणि बरोबर त्या भोकात खोचायची. पहिल्याच वर्षी एकदा दोरी चुकली आणि एका घरची वाईट बातमी दुसऱ्याच घरच्या माणसाच्या कानात पडली. तेव्हापासून ती जोडण्याआधी आपल्या माइकवर नखानं एक टकटक करी, समोरच्याचा हुंकार ऐकी आणि मगच बाजूला होई. कुणाचा आवाज कुणाच्या कानात जातो, हे हलक्यात घेण्यासारखं काम नव्हे, असं तिचं म्हणणं.

तिनं वहीत लिहिलं, 'हा तर बोर्ड आहे.'

"तसंच, मावशी. दोऱ्या दिसत नाहीत एवढंच."

'माझा आवाज हॉलमध्ये नको. फक्त ह्यांच्या कानात.'

जावई थांबला. त्याच्या मनात वेगळं होतं. मधल्या खुर्चीवर एक छोटा स्पीकर ठेवायचा, तिथूनच आवाज येईल, लोकांना किती बरं वाटेल. पण मधलीनं पेन्सिलीचं टोक 'फक्त' या शब्दावर टेकवून धरलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "लोकांना दोघींचंच गाणं. तुम्ही ह्यांच्या कानात."

मग तो आठवडाभर कामाला लागला. सगळी नीटनेटकी कामं तो करायचा तसंच हेही. आवाज साफ केला. खुर्चीची करकर काढली, बाहेरच्या गाडीचा भोंगा काढला, जे जे गाणं नव्हतं ते ते वेचून काढलं. तांदूळ निवडावेत तसं.

*

पहिली तालीम वाचनालयाच्या सभागृहातच ठेवली. वार बुधवार, वेळ दुपारची. खुर्च्या भिंतीशी रचलेल्या, खिडक्यांचे पडदे धुवायला काढलेले. एक बाई मागच्या बाजूनं फरशी पुसत येत होती. वाचनालयाचे सचिव किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे होते. ते कायम दारातच उभे असत. कार्यक्रम त्यांनी बावीस वर्षं उभ्यानं ऐकला होता.

जावयानं टेबल मांडलं. हॉलच्या स्पीकरांची वायर एकीकडे, आणि दुसरीकडे तळहाताएवढी एक काळी पेटी, तिला दोन हेडफोन. एक थोरलीचा, एक धाकटीचा. मधली पहिल्या रांगेत एकटी बसली, मांडीवर वही.

"घरी सगळं बघून आणलंय," जावई म्हणाला. "काही चिंता नाही."

फक्त घरी त्यानं ती पेटी लॅपटॉपच्या डाव्या बाजूला लावली होती. इथे वायर तोकडी पडली म्हणून उजव्या बाजूला लावली. जागा बदलली म्हणून लॅपटॉपला ती पेटी अनोळखी वाटली. ज्या नावाची पेटी तो शोधत होता ती सापडेना, तेव्हा त्यानं कुणाला काही न विचारता त्या पेटीकडचं सगळं हॉलच्या स्पीकरांत सोडून दिलं.

आधी सूर आला. आणि मग चारही भिंतींमधून मधली गायला लागली.

*दार उघडं ठेविते, दिवा लाविते दारात*
*कुणी येवो ना येवो गं, उजेड पडो रस्त्यात*

फरशी पुसणाऱ्या बाईचा हात थांबला. तिनं वर स्पीकरकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत मिटल्या ओठांनी बसलेल्या बाईकडे पाहिलं. सचिवांना रेकॉर्डिंगचं काही ठाऊकच नव्हतं. त्यांना एवढंच ऐकू आलं की आठ महिन्यांपूर्वी हरवलेला आवाज सभागृहात घुमतोय. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते दार सोडून आत आले. किल्ल्या वाजवत थेट मधलीसमोर.

"बाई, आवाज आला की परत. कुणी सांगितलंसुद्धा नाही आम्हाला. बोला ना काहीतरी."

मधली त्यांच्याकडे बघत राहिली. वरून तिचाच आवाज दुसरी ओळ घेत होता. किती मोकळा, किती बेफिकीर आवाज. गेल्या वर्षीची ती बाई पुढे काय वाढून ठेवलंय हे जाणत नव्हती. आणि तो आवाज हिला ओळखत नव्हता.

जावयाच्या हातून सगळे बाण उलटसुलट दाबले गेले, शेवटी त्यानं झाकणच मिटलं. तोवर मधली उठली होती. रुमालाच्या गाठीवर हात ठेवून ती दारातून बाहेर पडली. वही खुर्चीवर राहिली.

*

दोन दिवस ती खाली उतरली नाही. थोरली ताट घेऊन वर जाई आणि तासाभरानं अर्धं भरलेलं ताट घेऊन खाली येई. सातवी पायरी जाताना वाजे, येताना वाजे.

तिसऱ्या दिवशी जावई आला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. धाकटीनंही त्याला टोमणा मारला नाही, त्यावरूनच त्यानं ओळखलं की प्रकरण मोठं आहे.

"आता पेटीची जागा ठरवून टाकलीय," तो म्हणाला. "लाल टेप लावून ठेवलाय. पुन्हा नाही व्हायचं तसं. तुम्ही दोघी एकदा म्हणून तरी बघा. मावशींना सांगायला तरी होईल, की जमतंय."

म्हणून त्यांनी दुकानातच, कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये, हेडफोन चढवले. मधलीचा आवाज आता फक्त त्यांच्याच कानात होता, स्वच्छ, आरशासारखा. आणि तरी जमेना. धाकटी दर ओळीला मागे पडायची. कधी घाई करून आधीच निघायची.

"अगं, लक्ष कुठेय?" थोरली म्हणाली.

"तिच्यातच लक्ष आहे."

"मग उचल का चुकतेय? मोजून घे. एक दोन तीन, की घ्यायचं."

"बावीस वर्षं मी कधी मोजलंय? मोजून गायचं असतं तर मी हिशेबाच्या कचेरीत नसते का गेले? व्हॅन कशाला चालवली असती?" धाकटीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिचा आवाज बारीक झाला. "ताई, मला कळतच नाही कधी निघायचं. ती शेजारी असायची तेव्हा कळायचं. आता एकदम सुरूच होते. दार उघडायच्या आधीच माणूस घरात."

सातवी पायरी वाजली.

मधली खाली आली. कुणाकडे न बघता तिनं धाकटीचा हेडफोन उचलला, कानाला लावला आणि जावयाला खूण केली. त्यानं वाजवलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग टेबलावरच्या एका कापायच्या कागदावर खडूनंच लिहिलं.

'श्वास कुठे गेले?'

जावयाला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो अभिमानानं म्हणाला, "ते काढले ना, मावशी. प्रत्येक ओळीच्या आधी येत होते, हुस्स करून. एकेक करून काढले. चार दिवस लागले."

 थोरलीनं कात्री खाली ठेवली.

"हुस्स," धाकटी म्हणाली. "जावईबापू, अहो, मी त्या हुस्सवरच जगत होते."

तीन बहिणींना जे बावीस वर्षांत कळलं नव्हतं, ते चार दिवसांच्या साफसफाईनं दाखवून दिलं. धाकटी सुरावर निघत नव्हती, शब्दावर निघत नव्हती. मधलीनं श्वास घेतला की ती निघायची. थोरलीचंही तेच. तीसुद्धा त्या श्वासाच्या लांबीवरून ओळखायची, पुढची ओळ किती ताणायची आहे ते. खांद्याला खांदा लावून बसत, म्हणून कधी सांगावं लागलं नाही.

जावयाकडे मूळ रेकॉर्डिंग होतं. त्यानं खाली मान घालून सगळे श्वास परत आणले, खुर्चीची करकर आणि गाडीचा भोंगासुद्धा. पहिलं कडवं असं आलं की गल्लीतून जाणारा एकजण दुकानाच्या दारात थबकला. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला पुसलं आणि थोरलीनं पाहिलं न पाहिलंसं केलं.

पण दुसऱ्या कडव्याला थोरली दमली. तिला आता अडुसष्टावं चालू होतं. गेल्या वर्षी जी ओळ एका दमात जायची तिला आता मधे टेकावं लागत होतं. आणि कानातली मधली थांबत नव्हती. ती गेल्या वर्षीच्या चालीनं, गेल्या वर्षीच्या पायांनी पुढे निघून गेली. थोरली मागे राहिली, धाकटी दोघींमध्ये ओढली गेली आणि गाणं उसवलं.

"हळू नाही का करता येत तिला?" थोरलीनं धापा टाकत विचारलं.

"येतं, पण सगळंच हळू होईल, आई. तुम्ही कुठे दमणार ते आधी कसं कळणार मला?"

"मलाच कळत नाही, तुम्हाला कुठून कळणार."

मधली टेबलाला टेकून उभी होती. तिनं लिहिलं, 'ती छान गाते. पण कुणाचं ऐकत नाही.' त्याखाली आणखी एक ओळ. 'माझा श्वास आहे अजून. एक माइक द्या.'

मग तिनं तो निळा रुमाल सोडला.

दुकानात दुपारचं ऊन होतं, काही झाकलं जाईल असा अंधार कुठे नव्हता. जावई वायरींच्या गुंत्यात काहीतरी शोधायला लागला, जे तिथे नव्हतं. धाकटीनं एकदा बघितलं आणि नजर काढली नाही. थोरली उठली, जवळ गेली, आणि शिवायला आलेल्या कपड्याकडे बघावं तशी तिच्या गळ्याकडे नीट, जवळून बघत राहिली.

"माइक इथे बाजूला बसायला हवा. पट्टी लागेल," ती म्हणाली. "रुतणार नाही अशी. अस्तराचं कापड आहे माझ्याकडे, मऊ." आणि तिनं टेप उचलून बहिणीच्या गळ्याचं माप घेतलं.

*

पुढचे चार आठवडे दुकानात शिवणकाम कमी आणि तालीम जास्त झाली. बिनतारी हेडफोन आणून बघितले. दिसायला सुरेख, पण श्वास कानात पोचायला जरासा उशीर लागायचा. तो 'जरासा' एवढा की धाकटी तोवर चुकलेली असायची. मधलीनं हातानं कापल्याची खूण केली आणि पुन्हा वायरी आल्या. श्वास फार बारीक यायचा. माइकची पातळी वाढवली तर रस्त्यावरची व्हॅन त्यात घुसायची. मग धाकटीनं व्हॅन मागच्या गल्लीत लावायला सुरुवात केली. दोघींनी एकेक कान उघडा ठेवला, एकमेकींसाठी. दुसरा कान मधलीचा.

मधलीनं बाण, यादी, पातळी सगळं शिकून घेतलं. जावई एकदा सांगायचा, दुसऱ्यांदा सांगायला लागायचा तोवर तिचं करून झालेलं असायचं. आता पडद्यावर तीनच पट्ट्या होत्या. सूर, तो हॉलच्या स्पीकरांना. श्वास, तो काळ्या पेटीला. आणि तिसरी, गेल्या वर्षीची मधली.

"ती असू द्या, मावशी," जावई म्हणाला. "अडीअडचणीला."

मधलीनं त्या पट्टीवर बाण नेला, थोडा वेळ तिथेच धरला. मग ती पट्टी काढून टाकली. जावयानं तिचं रेकॉर्डिंग घरच्या कपाटात जपून ठेवलं होतं, हे तिला माहीत होतं. तिथे ते ठीक होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी तो म्हणाला, "मी मागे बसून सगळं सांभाळतो." तिनं वही पुढे केली. 'बोर्ड माझा.'

म्हणून मंचावर तीन खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि मधल्या खुर्चीसमोर एक बुटकं टेबल, त्यावर लॅपटॉप. लोक आले, आपापल्या खुर्च्यांवर बसले. मंचावर तिघींना बघून कुजबूज झाली. सचिव दारात उभे राहिले. त्या दिवसापासून ते मधलीच्या नजरेला नजर देत नव्हते. तिनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, तेव्हा त्यांच्या किल्ल्यांचा आवाज थांबला.

मधलीनं लाल टेपजवळची वायर बोटानं चाचपली. यादी उघडली, पेटीचं नाव वाचलं. सुराचं यंत्र वाचलं. मग रुमाल सोडून बाजूला ठेवला आणि गळ्याजवळच्या माइकवर नखानं टकटक केली. हॉलमध्ये काही ऐकू आलं नाही. डावीकडे थोरलीनं मान डोलावली, उजवीकडे धाकटीनं.

सूर सोडला. तो खालून पसरला, फरशीवर पाणी पसरावं तसा. आणि मधलीनं श्वास घेतला.

दोघी निघाल्या. एकदम, एकत्र, जशा एका घरच्या.

पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला दुसरं कडवं आलं.

*काठ दोन नदीपाशी, दोघे समोरासमोर*

ओळ संपतासंपता थोरलीचा दम तुटला. खोकला आला नाही, नुसती ती आतून रिकामी झाली. मधलीला ते थोरलीच्या खांद्यावरून लगेच कळलं. पुढची ओळ उचलायची वेळ आली आणि मधलीनं श्वास घेतला नाही.

तिनं रोखून धरला. कानात काही येईना म्हणून धाकटी जिथल्या तिथे थांबली, तोंड अर्धवट उघडं ठेवून. हॉलमध्ये नुसता सूर वाहत होता. लोकांना वाटलं, चालच अशी आहे. काहींनी डोळे मिटले. मधलीच्या छातीत दुखायला लागलं, बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली, तरी ती थोरलीच्या खांद्याकडे बघत राहिली. एकदा खाली गेला, एकदा वर आला, पुन्हा खाली. मग सावकाश, भरून वर आला.

तेव्हा तिनं श्वास घेतला. लांब, शांत, जणू घाई कशाचीच नव्हती.

*मधी वाहे ती म्हणून नाव दोघांचं किनार*

थोरलीचा आवाज पूर्ण आला.

*

परतताना तिघी धाकटीच्या व्हॅनमध्ये होत्या. शाळेच्या पोरांच्या त्या बुटक्या सीटवर थोरली अंग चोरून बसली होती. लॅपटॉप मधलीच्या मांडीवर. जावई मागे वायरी गुंडाळत येणार होता.  सिग्नल आला, सुटला.

"दुसऱ्या कडव्याला एवढं थांबायचं काय कारण होतं?" थोरली एकदम म्हणाली.

मधलीनं वही काढली. 'तू दमली होतीस.'

"मी दमले नव्हते. चांगलं जमून आलं होतं माझं."

"दमली होतीस, ताई," धाकटी समोरूनच म्हणाली. "मी तोंड उघडं ठेवून बसलेली. माशी गेली असती आत."

"चिमे, तू रस्त्याकडे बघ. मी हिला विचारतेय." थोरली मधलीकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. "चारचौघांत मला म्हातारी करून ठेवलीस. लोक काय म्हणाले असतील? आणि चौथ्या गाण्यात काय पळत होतीस? श्वास घेतेस की धापा टाकतेस? मी मेले असते मागे धावून. पूर्वीपासून तुझं हेच. स्वतःला वाटेल तेव्हा थांबायचं, स्वतःला वाटेल तेव्हा पळायचं."

आठ महिन्यांत मधलीवर कुणी चिडलं नव्हतं. सगळे हळू बोलायचे, उशी सारायचे, दार जपून लावायचे. ती थोरलीकडे बघत राहिली. तिचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण गळ्याशी श्वास फुटून फुटून बाहेर पडत होता, आणि तो कसला आहे हे ओळखायला व्हॅनमधल्या कुणाला हेडफोन लागला नाही.

"हसतेय बघ," थोरली म्हणाली. "ठेव ती वही खाली. माझं अजून संपलेलं नाही."

मधलीनं वही खाली ठेवली नाही. तिनं पान उलटलं, पेन्सिल दातानं टोकदार केली आणि चौथ्या गाण्यात कोण पळत होतं ते सविस्तर लिहायला घेतलं.